अंग आंबते, ते आम्लाने नव्हे

मराठीत दुखण्याच्या प्रत्येक तऱ्हेला स्वतंत्र शब्द आहे. पाय मुरगळतो, मान लचकते, कमरेत उसण भरते, पोटरीत गोळा येतो, दाढ ठणकते; आणि सवय नसलेली अंगमेहनत केली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबते. जे क्रियापद आपण इडलीच्या पिठाला लावतो तेच दमलेल्या अंगालाही लावले आहे, आणि गंमत अशी की विसाव्या शतकातील शरीरशास्त्राने या दुखण्याचे कारण म्हणून बराच काळ बोट दाखवले तेही लॅक्टिक आम्लाकडेच, म्हणजे दह्याला आंबटपणा देणाऱ्या आम्लाकडे. शब्द आणि शास्त्र इतके नेमके जुळल्यावर संशय कोण घेणार? आजही जिममध्ये मांड्या धरून बसलेल्या नवख्या माणसाला ‘लॅक्टिक ॲसिड साचलंय, उद्या परत ये, जिरून जाईल’ हेच उत्तर मिळते. ते उत्तर चुकीचे आहे, आणि त्यावर बेतलेले व्यायामाचे वेळापत्रकही त्यामुळे चुकते.

हे कोडे मला प्रथम पडले ते चाळिशीत जिमचे तोंड पाहिल्यावर. पहिल्याच दिवशी तिथल्या प्रशिक्षकाने स्क्वॉट, लेग प्रेस आणि लंजेस या पायांच्या व्यायामांचे मिळून अठरा सेट, म्हणजे सलग आवर्तनांच्या अठरा फेऱ्या, करवून घेतले. त्या संध्याकाळी मांड्या जडावल्या होत्या, पण दुखत काही नव्हते, त्यामुळे मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. दुसऱ्या दिवशी उठता-बसता मांड्या कुरकुरू लागल्या, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी इमारतीचा जिना कठड्याला धरून, खेकड्यासारखे आडवे होऊन, एकेक पायरी उतरण्याची वेळ आली. खाली पोहोचल्यावर लक्षात आले की छत्री वरच राहिली आहे. ती आणायला पुन्हा चढलो, तेव्हा मात्र फारसे काही दुखले नाही. चढताना ठीक आणि उतरताना जीव नकोसा, या विसंगतीतच सगळ्या दुखण्याचे मर्म दडलेले आहे, हे पुढे वाचन केल्यावर समजले.

आधी आम्लाचा विषय निकालात काढू. स्नायू जोरात काम करतात तेव्हा त्यांच्यात लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक आम्लाचे शरीरातले रूप, तयार होते हे खरे आहे, आणि स्नायूंतील उष्णता आणि लॅक्टिक आम्ल यांवरील संशोधनासाठी आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहोफ यांना 1922 सालचे नोबेल पारितोषिकही मिळाले. पण व्यायाम थांबल्यावर तासाभरात लॅक्टेटचे प्रमाण जवळजवळ पूर्ववत होते. ते टाकाऊही नसते. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरून टाकतात. सेटच्या शेवटी दंडात जी जळजळ होते तिचा संबंध त्या वेळच्या रासायनिक बदलांशी आहे, आणि ती जळजळ दोन मिनिटे विश्रांती घेतली की जातेही. आपण ज्या दुखण्याविषयी बोलतो आहोत ते मात्र व्यायामानंतर 12 ते 24 तासांनी डोके वर काढते, 24 ते 72 तासांच्या दरम्यान कळसाला पोहोचते आणि पाच ते सात दिवसांत ओसरते. जो पाहुणा तासाभरात घर सोडून गेला त्याच्यावर तिसऱ्या दिवशीच्या चोरीचा आळ घेण्यासारखे हे आहे.

एवढ्यावर समाधान न झालेल्यांसाठी 1983 साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी प्रयोग पुरेसा आहे. त्यात काही जणांना ट्रेडमिलवर सपाटीवर धावायला लावले आणि काही जणांना उतारावर. सपाटीवर धावणाऱ्यांच्या रक्तात लॅक्टेट चांगलेच वाढले, पण नंतर त्यांचे पाय दुखले नाहीत. उतारावर धावणाऱ्यांच्या रक्तात ते वाढले नाही, आणि पुढचे काही दिवस पाय धरून बसले ते हेच लोक. कमी दमछाक होऊनही जास्त दुखणे! म्हणजे दोष दमछाकीचा नसून उताराचा आहे.

उतारात असे काय आहे? एखादा दहा किलोचा डंबेल हातात घेऊन कोपरातून वर उचला. दंडाचा पुढचा स्नायू आखडत जातो आणि वजन वर येते. आता तोच डंबेल सावकाश खाली न्या. इथे अनेकांची समजूत अशी असते की स्नायू सैल सुटला आणि वजन आपोआप खाली गेले. तसे असते तर डंबेल मांडीवर आदळला असता. प्रत्यक्षात तोच स्नायू ताण धरून ठेवतो आणि ताण धरलेला असतानाच वजनाच्या ओढीने लांब होत जातो; विहिरीत घागर सोडताना आपण दोर धरून ठेवून थोडा थोडा सोडत जावा तसे. या कामाला आपण सोयीसाठी ‘उतरते काम’ म्हणू आणि उचलण्याला ‘चढते काम’. उतरत्या कामात स्नायूची एक खासियत अशी की तो जेवढे वजन उचलू शकतो त्यापेक्षा जास्त वजन रोखून धरू शकतो, त्यामुळे तेच वजन खाली आणताना मेंदू कमी तंतू कामाला लावतो. कामावर माणसे कमी आणि ओझे तेवढेच, म्हणजे प्रत्येकाच्या खांद्यावर भार अधिक. शिवाय दमही कमी लागतो, म्हणून आपण बेसावध राहतो.

स्नायूच्या एका तंतूत डोकावले तर त्यात सार्कोमिअर नावाचे सूक्ष्म कप्पे मालगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक जोडलेले दिसतात. एकेक कप्पा साधारण 2 ते 2.5 मायक्रोमीटर लांबीचा, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे चारशेहून अधिक डबे. प्रत्येक डब्यात अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांत सरकतात आणि डबा आखडतो. सगळे डबे सारख्याच ताकदीचे नसतात. ताणाखाली गाडी लांबत जाते तेव्हा आधी कमजोर डबे ओढले जातात, त्यांतले धागे एकमेकांची पकड सोडतात, आणि वारंवार तसे झाले की काही डब्यांची रचना विस्कटते. स्वीडनमधील संशोधकांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला, भरपूर जिने उतरून पाय दुखावून घेतलेल्या लोकांच्या स्नायूचे बारीक तुकडे काढून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा दोन डब्यांमधली जी रेघ सरळ असायला हवी ती नागमोडी आणि फिसकटलेली दिसली. थिओडोर हफ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने हे दुखणे स्नायूच्या आत काहीतरी तुटल्यामुळे होते असा अंदाज 1902 सालीच मांडला होता. पुढे आम्लाच्या गलबल्यात तो मागे पडला.

पण ‘स्नायू फाटतो आणि म्हणून दुखतो’ एवढे सोपे समीकरणही धरून चालत नाही. रचना विस्कटते ती व्यायामाच्या वेळीच, मग दुखायला दिवस का लागतो? कारण दुखते ते विस्कटण्याने नव्हे, तर त्यानंतरच्या डागडुजीने. पेशींमधून गळती होते, रोगप्रतिकारक पेशी साफसफाईला येतात, थोडी सूज धरते, आणि या धांदलीत तयार होणारी काही रसायने तिथल्या चेतातंतूंना हळवे करून सोडतात. जपानी संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत ब्रॅडिकायनिन हे वेदना जागवणारे रसायन आणि चेतातंतूंच्या वाढीला कारण होणारे एक प्रथिन यांचा यात मोठा वाटा दिसला, आणि विशेष म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूची मोडतोड फारशी दिसत नसतानाही हा हळवेपणा आढळला. स्नायूभोवतीचे पातळ आवरणही या दुखण्यात सामील असते. म्हणूनच अंग आंबलेले असताना स्वस्थ पडून राहिले तर काही जाणवत नाही; दाबले, ताणले किंवा हलवले की कळ येते. जास्त दुखले म्हणजे जास्त मोडतोड झाली, असे मात्र यावरून म्हणता येत नाही.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे सगळे न वाचताही ठाऊक असते. सिंहगड किंवा कळसूबाई चढताना छाती भात्यासारखी चालते, पण सोमवारी ऑफिसच्या खुर्चीतून उठताना ‘आई गं’ निघते ती रविवारी दुपारच्या उतरणीमुळे. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू शरीराचे सगळे वजन रोखत लांब होत असतो, आणि असे तो काही हजार वेळा करतो. या बाबतीत एक कमी बोलली जाणारी गोष्ट अशी की स्नायूची ताकद दुखणे सुरू होण्याआधीच, म्हणजे व्यायाम संपताक्षणी घटलेली असते आणि ती पूर्ववत व्हायला कधी कधी दुखणे थांबल्यानंतरही काही दिवस जावे लागतात. पाय नेमका कुठे पडतो आहे याची जाणीवही त्या काळात थोडी बोथट होते. दोन दिवसांच्या सलग ट्रेकमध्ये दुसऱ्या दिवशी उतरताना लोक अडखळतात त्याचे हे एक कारण आहे, आणि आंबलेल्या पायांनी जिममध्ये जड स्क्वॉट मारू नयेत याचेही.

आता या विषयातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट. तोच व्यायाम, तेवढ्याच वजनाने, दोन आठवड्यांनी पुन्हा केला तर दुखणे पहिल्याच्या मानाने अगदी किरकोळ असते. स्नायू एका अनुभवातून शिकतो, आणि ही शिकवण काही आठवडे, कधी काही महिनेही टिकते. तो नेमके काय शिकतो याची उत्तरे अनेक आहेत: मेंदू जास्त तंतूंमध्ये काम वाटून देऊ लागतो, भोवतीचे आवरण चिवट होते, आणि 1994 सालच्या एका प्रयोगात तर उतारावर धावलेल्या उंदरांच्या मांडीतील तंतूंमध्ये, चढावर धावलेल्यांपेक्षा सार्कोमिअरची संख्या जास्त भरली. मालगाडीला डबे वाढवले की प्रत्येक डब्याला कमी ताणावे लागते. त्याहून कामाची गोष्ट अशी की हे संरक्षण मिळवण्यासाठी पहिल्या दिवशी अंगाचे भुस्काट पाडावे लागत नाही. दंडाच्या स्नायूकडून पूर्ण ताकदीचे उतरते काम केवळ दोन किंवा सहा वेळा करवून घेतले, तरी दोन आठवड्यांनी केलेल्या चोवीस वेळांच्या कामाचा त्रास लक्षणीय घटतो, असे प्रयोगात दिसले आहे. माझ्या त्या पहिल्या दिवशीच्या अठरा सेटपैकी निदान चौदा निव्वळ हौसेचे होते.

इथे जिममधल्या दुसऱ्या लाडक्या समजुतीची गाठ पडते: दुखले नाही म्हणजे व्यायाम लागला नाही. ब्राझीलमधील संशोधकांनी दहा तरुणांना दहा आठवडे वजनांचा व्यायाम देऊन पहिल्या, तिसऱ्या आणि दहाव्या आठवड्यात त्यांच्या स्नायूंत नवी प्रथिने किती बनतात हे मोजले. पहिल्या सत्रानंतर प्रथिने भरपूर बनली, पण मोडतोडही सर्वांत जास्त त्याच वेळी झालेली होती, आणि त्या वेळच्या प्रथिननिर्मितीचा शेवटी झालेल्या स्नायूवाढीशी संबंध लागला नाही. मोडतोड कमी झाल्यावर, म्हणजे तिसऱ्या आठवड्यापासून पुढे, जी प्रथिने बनली त्यांचा मात्र वाढीशी मेळ बसला. पहिल्या दिवसांतला शरीराचा खर्च पडझड सावरण्यात जातो आणि नवे बांधकाम त्यानंतर सुरू होते. जो प्रशिक्षक तुम्हाला दर आठवड्याला नवनवे व्यायाम देऊन दर आठवड्याला अंग आंबवतो, तो तुम्हाला कायम डागडुजीतच गुंतवून ठेवतो, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘स्नायूला चकवा द्यायचा’ हे वाक्य ऐकायला झकास आहे. स्नायूला चकव्याची गरज नसते, त्याला हळूहळू वाढणाऱ्या ओझ्याची गरज असते.

ही हळूहळू वाढवण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धात नावारूपाला आली. शिकागोच्या लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म हा तरुण डॉक्टर जखमी सैनिकांच्या पायांत ताकद आणण्यासाठी वजने वापरत होता. 1945 साली त्याने आपली पद्धत प्रसिद्ध केली आणि काही वर्षांतच ती तीन सेटवर आणली, ज्यात माणूस दहा वेळा कसाबसा उचलू शकेल असे वजन ठरवून पहिला सेट त्याच्या निम्म्या वजनाने, दुसरा पाऊण वजनाने आणि तिसरा पूर्ण वजनाने करायचा असे. आज जगभर जे ‘दहा-दहाचे तीन सेट’ मारले जातात त्यांचे मूळ मुख्यतः इथे आहे. आपल्याकडच्या तालमीत साधने निराळी होती, पण तत्त्व निराळे नव्हते: चांगला वस्ताद नव्या पोराच्या जोर-बैठका रोज थोड्या थोड्या वाढवत नेतो. बैठक ही तर उतरत्या कामाचा अस्सल नमुना आहे. पूर्ण खाली बसताना मांडी जेवढी लांब होते तेवढी अर्धवट स्क्वॉटमध्ये कधीच होत नाही. म्हणूनच वर्गात शिक्षा म्हणून एकदम दोनशे बैठका काढायला लावणे हा प्रकार निव्वळ क्रूर नाही, तर धोक्याचाही आहे. त्याविषयी पुढे येईलच.

मग नवख्या माणसाने जिममध्ये वेळापत्रक कसे आखावे? जागतिक आरोग्य संघटनेची 2020 सालची शिफारस प्रौढांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम आणि त्याशिवाय 150 ते 300 मिनिटे मध्यम गतीची हालचाल अशी आहे. आठवड्यातले तीन दिवस, मध्ये एकेक दिवसाची सुटी ठेवून, म्हणजे सोमवार-बुधवार-शुक्रवार, दर वेळी सगळ्या शरीराचा व्यायाम, ही सुरुवातीची सर्वांत निर्धोक मांडणी आहे. त्यात पायांसाठी स्क्वॉट किंवा लेग प्रेस, ढकलण्यासाठी जोर किंवा बेंच प्रेस, ओढण्यासाठी लॅट पुलडाऊन किंवा रोइंग, कमरेतून वाकून वजन उचलण्याचा एक प्रकार आणि पोटासाठी प्लँक एवढे पाच प्रकार पुरतात. पहिल्या आठवड्यात प्रत्येक प्रकाराचा एकच सेट, दहा-बारा आवर्तनांचा, आणि वजन असे की सेट संपल्यावर ‘अजून चार तरी सहज झाले असते’ असे वाटावे. दुसऱ्या आठवड्यात दोन सेट, तिसऱ्या-चौथ्यात तीन. पहिल्या आठवड्यात आपण काहीच केले नाही असे वाटेल, शेजारी घामाघूम झालेला पोरगा आपल्याकडे कीव करून पाहीलही, पाहू द्यावे.

बहुतेक जिममध्ये मात्र सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे अशी वाटणी भिंतीवर लावलेली असते, आणि सोमवारी संध्याकाळी बेंच प्रेसच्या बाकासमोर रांग लागते ती त्यामुळेच. ही वाटणी मुरलेल्या व्यायामपटूंसाठी वाईट नाही. पण हिशेब पाहा: एका स्नायूसाठी आठवड्याला बारा सेट करायचे ठरवले तर या वाटणीत ते सगळे एकाच दिवशी येतात आणि पुढचे सहा दिवस त्या स्नायूला सुटी मिळते. तेच बारा सेट दोन किंवा तीन दिवसांत वाटले तर एका वेळचा मार चारवर किंवा सहावर येतो, स्नायू ताजा असताना प्रत्येक सेट नीट होतो आणि तिसऱ्या दिवशी कपडे घालताना हात वर जातात. स्नायूवाढीसाठी आठवड्याचे एकूण सेट महत्त्वाचे असतात. ते एका दिवशी उरकण्याचे बक्षीस कोणी देत नाही.

वजन कधी वाढवायचे, तर ठरवलेल्या आवर्तनांपेक्षा एक-दोन आवर्तने सहज जास्त होऊ लागली की, आणि तेही 2 ते 10 टक्क्यांनी. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात जिममधली डंबेल्स बहुधा अडीच-अडीच किलोच्या टप्प्याने असतात, आणि खांद्याच्या बाजूचा व्यायाम पाच किलोने करणारा माणूस साडेसातवर गेला की त्याने एका झटक्यात 50 टक्के ओझे वाढवलेले असते. अशा वेळी आधी आवर्तने पंधरा-सोळापर्यंत न्यावीत आणि मगच पुढचे डंबेल उचलावे. दर वेळी वजन खाली आणायला दोन-तीन सेकंद घ्यावेत, ते सोडून देऊ नये. पण सुरुवातीच्या आठवड्यांत मुद्दाम सात-आठ सेकंद लावून खाली आणण्याचे प्रयोगही करू नयेत, कारण दुखण्याचे बी नेमके तिथेच पेरले जाते. आजारपण, परीक्षा किंवा गणपतीचे दहा दिवस यांमुळे खंड पडला तर परतल्यावर आधीच्या वजनाच्या साधारण दोन तृतीयांशाने सुरुवात करावी, हा माझा स्वतःचा ठोकताळा आहे.

एवढे करूनही अंग आंबेलच. तेव्हा काय करावे? सर्वांत आधी हालचाल. सपाटीवर चालणे, हलकी सायकल, तेच व्यायाम अगदी कमी वजनाने. यांनी दुखणे लवकर बरे होत नाही, पण हालचाल चालू असेपर्यंत आणि नंतर थोडा वेळ आराम पडतो, आणि अपायही होत नाही. मालिशीचा फायदा संशोधनातही बऱ्यापैकी दिसतो, त्यामुळे तालमीतले तेल लावून अंग रगडणे अगदीच भाबडे नव्हते. फोम रोलर, म्हणजे अंगाखाली घेऊन लोळायचा फोमचा दंडगोल, हा त्याचाच एकट्याने करायचा अवतार. गरम पाण्याने शेकले की बरे वाटते आणि बामातल्या मेंथॉलने त्वचेवर गारवा जाणवून मेंदूचे लक्ष क्षणभर दुसरीकडे वळते; त्यापलीकडे बाम स्नायूत काही करत नाही. हळद-दुधातले दूध कामाचे आहे, हळद आपण चिमूटभर घालतो. स्ट्रेचिंगविषयी मात्र अनेकांचा विरस होईल: व्यायामाआधी किंवा नंतर अंग ताणण्याने पुढच्या दिवसांच्या दुखण्यात पडणारा फरक 100 गुणांच्या मोजपट्टीवर फार तर चार गुणांचा भरतो, असा बारा प्रयोगांच्या एकत्रित परीक्षणाचा निष्कर्ष आहे. लवचीकपणासाठी ताणावे, दुखणे टाळण्यासाठी नव्हे.

बर्फाच्या पाण्यात बसण्याचे फॅड समाजमाध्यमांमुळे आपल्याकडेही आले आहे. 15 अंश किंवा त्याहून थंड पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बसल्याने दुखणे कमी होते, यात शंका नाही. पण ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात, जो 2015 साली प्रसिद्ध झाला, बारा आठवडे वजनांच्या व्यायामानंतर दर वेळी थंड पाण्यात बसणाऱ्यांची स्नायूवाढ, हलकी सायकल चालवणाऱ्यांपेक्षा कमी भरली. वेदनाशामक गोळ्यांचेही तसेच. स्वीडनमध्ये आठ आठवडे रोज 1200 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन घेणाऱ्या तरुणांच्या मांडीची वाढ, अ‍ॅस्पिरिनचा अगदी छोटा डोस घेणाऱ्यांच्या जवळपास निम्मी झाली. डागडुजीच्या वेळी जो गोंगाट होतो त्यात पुढच्या बांधकामाच्या सूचनाही असतात. गोंगाट पूर्ण बंद केला तर सूचनाही ऐकू जात नाहीत. उद्या स्पर्धा असणाऱ्या खेळाडूचा हिशेब वेगळा. आपण मात्र एखाद्या रात्री झोपच लागेना म्हणून गोळी घेतली तर घ्यावी, रोज जिमच्या पिशवीत ठेवू नये.

प्रथिने दुखणे फारसे घटवत नाहीत, पण नव्या बांधकामाच्या विटा त्याच आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची सामान्य प्रौढांसाठीची शिफारस दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅमची आहे, तर वजनांचा व्यायाम करणाऱ्यांमध्ये साधारण 1.6 ग्रॅमपर्यंत फायदा दिसतो आणि पुढे तो थांबतो. साठ किलोच्या माणसासाठी हे अनुक्रमे 50 आणि 96 ग्रॅम झाले. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, पेलाभर दुधात 8, वाटीभर शिजलेल्या वरणात 6 ते 8. म्हणजे पोळी-भाजी-वरण-भातावर ही मजल मारायची तर मटकी, पनीर, सोयाबीन, मासे किंवा चिकन यांपैकी काही तरी ताटात रोज आणि मुद्दाम वाढावे लागते. डबाबंद भुकटी ही सोय आहे, औषध नव्हे.

आता धोक्याचा भाग, आणि इथे घाई करून चालणार नाही. व्यायाम चालू असतानाच अचानक कळ आली, ‘कट्’ असा आवाज झाला, एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असे दुखले किंवा सांध्यात दुखले, तर ते आंबणे नव्हे, दुखापत आहे. त्यावर मालिश करू नये, डॉक्टरांना दाखवावे. त्याहून गंभीर अवस्था म्हणजे रॅब्डोमायोलिसिस. इथे स्नायूंचे तंतू एवढ्या प्रमाणात फुटतात की त्यांतले मायोग्लोबिन हे लाल रंगद्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांना निकामी करू शकते. लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा किंवा कोलासारखा होणे, दंड किंवा मांडी टणक सुजणे, दुखण्याच्या मानाने ताकद फारच कमी होणे, मळमळ, ही लक्षणे दिसली तर हळद-दुधाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हे बहुधा नवख्यांच्या किंवा मोठ्या खंडानंतर परतलेल्यांच्या वाट्याला येते, विशेषतः उन्हाळ्यात, पाणी कमी प्यायलेले असताना, एकाच स्नायूची शेकडो आवर्तने केली की. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन गटातली औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक विकाराच्या वाहकांना कडक व्यायामात हा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि विदर्भात व नंदुरबारकडे असे वाहक बरेच आहेत. तिथे पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी मे महिन्याच्या उन्हात एकदम जोर लावणाऱ्या मुलांना ही गोष्ट कोणी तरी सांगायला हवी.

याच संदर्भात प्रयोगशाळेचा एक घोळ सांगतो. स्नायूंमधून गळणारे क्रिएटिन कायनेज, जे अहवालात सीपीके म्हणून येते, ते साध्या, निरुपद्रवी अंग आंबण्यातही हजारांत जाऊ शकते. यकृताच्या तपासणीतला एसजीओटी हा आकडा तर स्नायूंमुळेही चढतो, आणि त्याच्या मागोमाग एसजीपीटीही. जिमच्या पहिल्या आठवड्यातच कोणी सवलतीतली ‘फुल बॉडी’ तपासणी करून घेतली तर घरात यकृताच्या आजाराची चर्चा सुरू होते आणि बिचाऱ्याचा चहा-तळण बंद होतो. रक्त द्यायच्या आधी निदान आठवडाभर जड व्यायाम टाळावा, आणि टाळला नसेल तर डॉक्टरांना तसे सांगावे.

माझ्या त्या मांड्या सहाव्या दिवशी मोकळ्या झाल्या. आता पावसाळ्यानंतर हरिश्चंद्रगडाचा बेत ठरला की त्याआधीचे तीन आठवडे मी आमच्या इमारतीच्या लिफ्टने वर जातो आणि सातही मजले पायी उतरतो, पहिल्या दिवशी एकदाच, मग दोनदा, मग चारदा. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजाऱ्यांना हा क्रम उलटा वाटतो. वर जाताना लिफ्ट आणि खाली येताना जिना कशासाठी, असे ते विचारतात, आणि सातव्या मजल्यापर्यंतच्या वेळात त्याचे पूर्ण उत्तर देऊन होत नाही.